आत्याखडक आणि काजळाची दाढी

खरं तर हे मी सांगायचं नाही, कारण आजच्या बारशाची आत्या मीच. आमच्या केवडखोलात ज्या घरी बारसं असतं, त्या घरच्या आत्याने खडकावर पोचेपर्यंत या गोष्टीबद्दल तोंडातून अवाक्षर काढायचं नसतं. गोष्ट सांगता सांगता निवडलेलं नाव निसटतं, आणि आधीच फुटलेलं नाव दर्या ऐकत नाही, असं मानतात. पण वहिनीच्या माहेरची माणसं पहाटेच साताऱ्याहून आली आहेत, आणि मघाशी त्यांच्यातल्या एका काकूंनी मागीलदारी ठेवलेली काजळाची वाटी बघून विचारलं, "एवढं काजळ एका बाळाला?" कोणीतरी त्यांना आधी सांगायला हवं. समोर उभं राहून बोलणं मला जमत नाही. शिवाय नियम तोंडातून काढायचा नाही असा आहे, लिहायचं नाही असा नाही. म्हणून लिहिते.

आमच्या घराच्या पडवीत उभं राहिलं की खाडीच्या तोंडाशी एक काळा खडक दिसतो. तोच आत्याखडक. ओहोटीला त्याच्यापर्यंत चालत जाता येतं, भरतीला तो चारी बाजूंनी पाण्यात असतो. त्याच्या माथ्यावर एक खोलगट जागा आहे, बरोबर पाळण्याच्या आकाराची. अगदी अमावास्येच्या भरतीलाही पाणी त्या जागेच्या काठाला लागतं आणि तिथूनच मागे फिरतं, आत कधी शिरत नाही. आत असतं ते फक्त मीठ, उडालेले तुषार सुकून जमलेलं.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे आमची नावं. केवडखोलात प्रत्येकाला दोन नावं असतात. एक शाळेतलं, आधार कार्डावरचं. दुसरं दर्यानाव. माझ्या आजोबांचं दर्यानाव लेओन आहे, म्हणजे सिंह, आणि आजोबा तर कोंबडीलासुद्धा "बाजूक हो गो बाय" म्हणून वाट मागतात. पलीकडच्या घरातल्या म्हाताऱ्या आजी आल्बा, म्हणजे पहाट. बोटीवर नोकरीला असलेला माझा दादा साल्वादोर, म्हणजे तारणारा. माझं रोसीओ, म्हणजे दंव. ही सगळी नावं स्पेन देशातली आहेत. आमच्यापैकी कोणी स्पेनला गेलेलं नाही, पण स्पेनमधून एकजण आमच्याकडे आला होता.

फार पूर्वीची गोष्ट. कोणाचं राज्य होतं, ते सांगणारे वेगवेगळं सांगतात. तेव्हा इथे सगुण नावाची एक बाई होती. तिचा नवरा भिवा होडीवर जायचा, घरात सासू द्वारका होती. भिवा एकुलता एक. त्याला बहीण नव्हती, आणि सगळं दुखणं तिथेच होतं.

कारण आपल्यात बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्याने. आत्याच नाही तर नाव सांगणार कोण? सगुणला आधी तीन मुलं झाली. तिन्ही वेळा शेजारची बाई आत्या होऊन पाळण्यापाशी बसली, नाव सांगितलं, घुगऱ्या वाटल्या. तिघांतलं एकही रांगायला लागेपर्यंत टिकलं नाही. गाव म्हणू लागलं, उसन्या आत्याने ठेवलेलं नाव उसनंच असतं, त्याचा धनी येतो आणि नाव परत नेताना लेकरूही नेतो.

चौथी मुलगी झाली तेव्हा द्वारकेने ठरवून टाकलं. ज्यांची मुलं जगत नाहीत ते मुलांना दगडू, भिकी अशी नावं ठेवत, म्हणजे मरणालासुद्धा ते पोर उचलावंसं वाटू नये. द्वारकेने नातीसाठी नाव काढलं केरी. केराची केरी.

सगुण म्हणे तेव्हा पहिल्यांदा सासूसमोर बोलली. "केर म्हणान हाक मारूक मी हिका नऊ म्हयने पोटात वागवलंय नाय."

"मगे काय राणी म्हणतलस?" द्वारका म्हणाली. "तीन राणये गेले मां वर?"

 सगुणने एवढंच केलं की मुलीला नावच ठेवू दिलं नाही. बारावा दिवस आला नि गेला. मुलगी हसायला लागली, पालथी पडायला लागली, आणि घरात तिला सगळे 'ही' म्हणत. ही उठली काय? ही रडता कित्याक? सगुणला वाटायचं, नावच नाही तर मरण तरी हाक मारणार कशी?

पण दिवाळी जवळ आली तशी नवीनच भीती उभी राहिली. सगुणचं दूध आटत चाललं. मुलगी भुकेने रडे, मुठी चोखे, हातापायांच्या काड्या व्हायला लागल्या. तिला आता पेज लागली असती. आणि केवडखोलात बिननावाच्या लेकराच्या तोंडी भाताचं शीत घालत नसत. नाव नाही तोवर ते घराचं माणूस नाही, आणि माणूस नाही त्याला देवीपुढचा भात नाही. म्हणजे नाव ठेवावं तर नावाने जाईल, न ठेवावं तर भुकेने.

शेवटी भिवा देवळात गेला आणि गुरवाला कौल लावायला सांगितला. तातू गुरवाने देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

"उसनी आत्या चालात?" डावी पडली.

"खरी आत्या येतली?" उजवी पडली. लोक एकमेकांकडे बघायला लागले. भिवाचा बाप तर कधीच वारला होता.

"वरच्या वाडीतसून?" डावी. "घाटावरसून?" डावी. तातूला पुढे काही सुचेना. देवळाच्या दारातून समोर दर्या दिसत होता, म्हणून तो म्हणाला, "मगे काय दर्यातसून येतली?"

उजवी पाकळी टपकन पडली.

देवळात हशा पिकला. भिवा मान खाली घालून परत आला. एकटी सगुण हसली नाही. ती दुसऱ्या दिवसापासून मुलीला कडेवर घेऊन सकाळी त्या काळ्या खडकावर जाऊन उभी राहू लागली. कपाळावर आडवा हात धरून ती पाण्याकडे बघत राही. बाया पाणवठ्यावर म्हणत, "भिवाची बायल नणंदेक आणूक गेली." ते तिला ऐकू यायचं. तरी ती जायची.

मग वादळ झालं. अवेळचं, भातं कापायला आलेली असताना. रात्रभर लोकांनी घरांची छपरं धरून ठेवली. सकाळी सगुण खडकावर पोचली, तर खडकावर आधीच कोणीतरी होतं.

फळीला मिठी मारून पालथा पडलेला एक माणूस. तिने त्याला उताणा केला आणि दचकून मागे सरली. छातीपर्यंत दाढी, आणि तीही कोकमाच्या सालीच्या रंगाची. असं सांगतात, सगुण तिथेच खडकावर बसली आणि रडली. इतके दिवस वाट बघून दर्याने बाप्या पाठवला होता.

पण जीव होता, म्हणून तिने भिवाला हाक मारली आणि दोघांनी त्याला घरी आणलं. पेज पाजली. चौथ्या दिवशी तो उठून बसला, छातीवर हात ठेवून म्हणाला, "मातेओ." तो गोव्याच्या फिरंग्यांपैकी नव्हता. त्याचा मुलूख त्याहून लांबचा, एस्पान्या. जहाजावरचा सुतार होता. अंगात ताकद आली तशी त्याने वादळात फुटलेल्या होड्या दुरुस्त करायला घेतल्या, आणि भुकेने किरकिरणारी ही बिननावाची पोर त्याच्या मांडीवर गेली की गप्प व्हायची, त्याच्या दाढीत मुठी खुपसून.

एकदा त्याने सगुणला खुणेने विचारलं, हिचं नाव काय? सगुणने हात हलवून सांगितलं, नाही.  मातेओने स्वतःच्या पोटापुढे हाताने मोठा गोल काढला, पश्चिमेकडे बोट दाखवलं, पाळणा झुलवल्यासारखे हात केले, आणि तोही हात हलवून म्हणाला, नाही. त्याच्या खुणा जुळवून कळलं ते असं, की तो निघाला तेव्हा त्याच्या बायकोला दिवस गेले होते. मी येईपर्यंत नाव ठेवू नकोस, मी माझ्या तोंडाने हाक मारीन, असा शब्द तो तिच्याकडून घेऊन आला होता. म्हणजे दर्याच्या पलीकडेही एक लेकरू बिननावाचं वाट बघत होतं.

त्या दिवसापासून तो रंधा मारता मारता मुलीला नावं ऐकवू लागला. स्वतःच्या लेकरासाठी मनात जमवलेली नावं. एकेक नाव सांगायचा आणि त्याचा अर्थ दाखवायचा. लुस म्हणाला आणि तुळशीपुढच्या दिव्याकडे बोट केलं. एस्त्रेया म्हणाला आणि चांदणी दाखवली. गवतावरचं दंव बोटावर घेतलं, रोसीओ. वळचणीचा पारवा, पालोमा. लेओन म्हणाला तेव्हा चार पायांवर होऊन दाढी झटकत असा गुरगुरला की आळीतली पोरं भिंतीवर चढली, आणि द्वारका आतून ओरडली, "मेल्या, होडी कर, वाघ नको होव."

एका नावापाशी मात्र तो अडला. न्येवेस. त्याने आकाशाकडे बोट दाखवून बोटं नाचवत खाली आणली. लोक म्हणाले पाऊस. तो मान हलवी. त्याने मिठाचा खडा दाखवला. लोक म्हणाले खारं पाणी. मग त्याने दोन्ही हातांनी अंग आवळून घेतलं, दात वाजवले, थरथर कापून दाखवलं. तेव्हा सगळ्यांना एकदम कळलं. हिवताप. द्वारकेने लगेच काडेचिराईताचा काढा उकळला आणि नाक दाबून त्याला पाजला. तो कडू तोंड करून हसला, पण सोडेना. पुन्हा पुन्हा त्याच नावाकडे यायचा. जितक्या वेळा यायचा तितक्या वेळा त्याला काढा मिळायचा.

सगुण हे सगळं ऐकत असायची. तिला नवल वाटायचं की त्या मुलखात कोणी केर म्हणत नाही, कोणी धोंडा म्हणत नाही. तिने एकदा विचारलंच, "तुमच्याकडे पोरां मरणत नाय?" आणि मुठी मिटून, डोळे मिटून दाखवलं. मातेओचा चेहरा उतरला. मरतात, त्याने मान हलवली. मग म्हणाला, दोलोरेस, आणि काळजावर मूठ मारली. तेही नाव. दुःख. सोलेदाद, आणि रिकाम्या अंगणात एकटाच जाऊन उभा राहिला. तेही नाव. सगुणला उमगलं की ती माणसं दुःख लपवायला पोरीला केर करत नाहीत, दुःखालाच नाव म्हणून मांडीवर घेतात.

"आणि हिका?" तिने मुलीकडे बोट केलं. हिच्यासाठी कुठलं?

मातेओ उठला. अंगणाच्या कडेला गेला. एक हात कडेवर लेकरू धरल्यासारखा केला, दुसरा कपाळावर आडवा धरला आणि दर्याकडे बघत उभा राहिला. हुबेहूब सगुणच. खडकावरची.

"एस्पेरान्सा," तो म्हणाला.

आशा. पण त्यांच्या भाषेत आशा आणि वाट बघणं एकाच घरातले शब्द आहेत, असं आमच्याकडे सांगतात. सगुणच्या अंगावर काटा आला. तिला तेव्हा कळलं की दर्याने चुकीचं माणूस पाठवलेलं नाही.

ती तशीच देवळात गेली. "आत्या इली हा," तिने तातू गुरवाला सांगितलं.

द्वारकेने कपाळावर हात मारला. "दाढयेची आत्या?"

"कौलान आत्या सांगितल्यान," सगुण म्हणाली. "दाढी नाय असतली, असा खंय सांगितल्यान?"

तातूने पुन्हा पाकळ्या लावल्या. उजवी पडली. पण गावच्या शहाण्यांनी एक अट घातली. आत्या म्हणजे भिवाची बहीण. आधी तो भिवाची बहीण झाला पाहिजे, नाहीतर ही पण उसनीच. दोन दिवसांवर भाऊबीज होती.

त्या भाऊबिजेला केवडखोलात जे झालं त्याची अजून लोक नक्कल करतात. भिवा पाटावर बसला. मातेओच्या हातात निरांजनाचं ताट दिलं. तो सहा फुटांचा सुतार, दाढीला ज्योत लागू नये म्हणून मान वर करून, जीभ दातांत धरून भावाला ओवाळत होता आणि बाया पदर तोंडात कोंबून हसत होत्या. भिवाने ताटात लाल खण घातला. मातेओने तो खण गळ्यात बांधला, आणि भिवाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला आयुष्यात पहिल्यांदा बहीण मिळाली होती.

बारसं दुसऱ्या दिवशी ठरलं. पाळणा बांधला, घुगऱ्या शिजल्या. आणि पहाटेच खाडीबाहेर शिडं दिसली.

गोड्या पाण्यासाठी थांबलेलं परक्यांचं जहाज होतं. मातेओ धावत खडकावर गेला, ओरडला, हात हलवले. जहाजावरून होडी सुटली. मातेओच्या मुलखाकडे जाणारं जहाज, त्याच्या बिननावाच्या लेकराकडे. पण भरती भरत आली होती, आणि ती ओसरायला लागली की जहाज निघणार होतं. होडीतला अधिकारी खडकाला होडी लावून ओरडत होता, चल, आत्ताच. त्याच्या ओरडण्याचा अर्थ कळायला भाषा लागत नव्हती.

मातेओने घराकडे बघितलं. मग होडीकडे. आणि तो तिथेच खडकावर मांडी घालून बसला. बारसं झाल्याशिवाय उठणार नाही.

सगुणला भिवाने धापा टाकत येऊन सांगितलं. घरापासून खडक काही लांब नाही, पण मातेओ घरी येऊन परत जाईपर्यंत होडी थांबली नसती. सगुणने पाळण्यातून मुलीला उचललं आणि ती सरळ पाण्याच्या दिशेने पळत सुटली. मागून द्वारका घुगऱ्यांचं टोप घेऊन, तिच्यामागून तातू गुरव, त्याच्यामागून सगळी आळी. खडकाची वाट पाण्याखाली गेली होती. सगुण गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत पाण्यात शिरली, मुलीला डोक्यावर धरून. मातेओने हात दिला, भिवाने मागून उचललं. खडकाच्या माथ्यावर त्या खोलगट जागेत तिने मुलीला ठेवलं. तोवर लाटा माथ्यापर्यंत यायला लागल्या होत्या. पुढच्या लाटेत पाणी त्या जागेत शिरणार आणि मुलगी भिजणार, नाहीतर वाहून जाणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

मातेओ वाकला. लाट आली. असं सांगतात, ती काठाला लागली आणि तशीच थांबली. मागे गेली नाही, पुढे आली नाही, पाळण्याच्या काठाशी आलेल्या बाईसारखी वाकून राहिली. आणि मातेओने मुलीच्या कानात तोंड घालून, भिवाने रात्री शिकवल्याप्रमाणे, लांबलचक "कुर्रर्र" केलं आणि नाव सांगितलं.

"एस्पेरान्सा."

मग लाट ओसरली.

आणि आमच्या रिवाजाप्रमाणे नाव घेतल्याबरोबर आत्याच्या पाठीत धपाटे पडले. हे त्याला कोणी आधी सांगितलंच नव्हतं. आळीतल्या सगळ्या बाया एकदम तुटून पडलेल्या बघून होडीतल्या अधिकाऱ्याने तलवार उपसली म्हणे. द्वारकेने त्याच्या हातावर घुगऱ्या ठेवल्या तेव्हा ती परत म्यानात गेली.

निघताना सगुणने मातेओला अडवलं. त्याच्यासारखंच पोटापुढे गोल काढून, पश्चिमेकडे बोट करून विचारलं, त्याला कुठलं नाव ठेवणार?  मातेओने त्या खोलगट जागेतलं पांढरं मीठ चिमटीत घेतलं, तळहातावर चुरलं आणि मुलीच्या डोक्यावर वरून हळूहळू भुरभुरवलं. स्वतः हसत होता आणि डोळे गळत होते. सगुणला वाटलं, हा जाता जाता पोरीची दृष्ट काढतोय. आपल्याकडे मिठानेच काढतात.

"तू पोचासर आमी हयसून हाक मारतलव," ती म्हणाली. हा तिचा नवस. मातेओ घरी पोचेल न पोचेल, दर्याचा काय भरवसा? तोवर त्याचं लेकरू बिननावाचं राहू नये. म्हणून या गावात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला त्याने सांगितलेल्यांपैकी एक नाव ठेवायचं आणि ते या खडकावरून पश्चिमेकडे मोठ्याने हाकारायचं. कुठलं ना कुठलं नाव पलीकडच्या त्या लेकराचं असेलच. ज्या दिवशी बरोबर नाव हाकारलं जाईल, त्या दिवशी पलीकडून ओ येईल.

होडी लांब गेली. मातेओचा गळ्यातला लाल खण ठिपक्याएवढा होईपर्यंत सगुण तिथे उभी होती, कपाळावर आडवा हात धरून. मग घरी येऊन तिने मुलीच्या तोंडात भाताचं पहिलं शीत घातलं.

एस्पेरान्सा जगली. नुसती जगली नाही, रांगली, पळाली, झाडावर चढली. तिला पाठचा भाऊ झाला, आणि ती मोठी होऊन आत्या व्हायची वेळ आली तेव्हा एक गंमत झाली. लहानपणापासून तिने ऐकलं होतं की आपल्या आत्याला दाढी होती. पाळण्यापाशी बसायच्या आधी ती आरशासमोर गेली आणि हनुवटी चाचपू लागली. "दाढयेशिवाय मी आत्या कशी?" तिने विचारलं. सगुण तेव्हा म्हातारी झाली होती. ती हसली नाही. तिने काजळाची डबी आणली आणि लेकीच्या हनुवटीवर स्वतःच्या बोटाने दाढी काढली.

आजही आमच्याकडे आत्याला काजळाची दाढी काढल्याशिवाय बारसं होत नाही. आजही भरती लागली की, वाट बुडायच्या आत, सगळे खडकावर जातात, बाळाला त्या दगडी पाळण्यात ठेवतात, डोक्यावर मीठ भुरभुरवतात. आत्या आधी कानात नाव सांगते आणि मग उठून पश्चिमेकडे तोंड करून तेच नाव हाकारते. आणि धपाटे घालायच्या आधी सगळे गप्प होतात. एक लाट येऊन परत जाईपर्यंत. ओ येते का ते ऐकायला. काकू, तुम्हीही तेव्हा बोलू नका.

अजून ओ आलेली नाही. लुस हाकारून झालं, एस्त्रेया कितीदा हाकारून झालं, दोलोरेससुद्धा. एकच नाव आजपर्यंत कोणी हाकारलेलं नाही, कारण आपल्या लेकराला हिवताप कोण म्हणेल?

पण गेल्या आठवड्यात दादाने बोटीवरून व्हिडिओ पाठवला. त्याची बोट उत्तरेकडच्या कुठल्यातरी बंदरात होती. दादा दोन जाकिटं घालून डेकवर उभा होता, दात वाजवत होता, थरथरत होता, आणि हसत होता. वरून काहीतरी पांढरं पडत होतं. पाऊस नव्हे, कारण ते घाईत नव्हतं. त्याने ते मूठभर उचललं, तळहातावर चुरलं आणि बाळाच्या फोटोवर वरून हळूहळू भुरभुरवलं. मी तो व्हिडिओ पाहिला आणि पाहता पाहता उभीच राहिले. मिठाचा खडा. नाचत खाली येणारी बोटं. थंडीने आवळलेलं अंग. मातेओ ज्या नावाकडे पुन्हा पुन्हा यायचा ते नाव. सगुणने निघताना विचारलं तेव्हा त्याने उत्तर दिलं होतं, तिथेच, पोरीच्या डोक्यावर, आणि इतकी वर्षं आम्ही प्रत्येक बारशाला ते उत्तर नुसतं हाताने देत आलोय, तोंडाने एकदाही नाही.

मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही. आईलाही नाही. मला वर्गात उत्तर द्यायला उभं केलं तरी आवाज फुटत नाही, पण आज मी त्या खडकावर उभी राहणार आहे, आणि माझ्या भाचीच्या कानात सांगून झालं की पश्चिमेकडे तोंड करून, दर्यापलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने

"रोसीओ, खंय गो बाय तू? भरती लागली, काजळ सुकता हयसर. ये, दाढी काढूची हा तुझी."

आले. आई बोलावतेय. काकू, तेवढं शेवटचं राहिलं, त्या नावाचा अर्थ ताप नाही, त्याचा अर्थ